काल उरलेलं चिकन, आज रात्रीचा फ्राईड राईस

रविवारचं चिकन सोमवारी उरतंच. एक किलो आणलं, चौघं पोटभर जेवलो, तरी डब्यात चार-पाच पीस आणि तळाला बसलेला मसाला राहतोच, आणि ते नेमकं एवढं असतं की एकट्याला जास्त होतं आणि सगळ्यांना वाढायला घेतलं तर पुरत नाही. शेजारच्या डब्यात कालचा भात. या दोन डब्यांतून वीस मिनिटांत तिघांचं जेवण निघतं, आणि घरात कोणी "आज पण तेच का" असं म्हणत नाही.

हे लिहायला बसले ते माझ्या भाच्यामुळे. साताऱ्याहून नोकरीसाठी आलाय, मुलुंडला तिघं मिळून रूमवर राहतात, एक शेगडी, एक कढई, एक छोटा फ्रिज. मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला त्याचा फोन, "मावशी, सगळं व्हिडिओत दाखवलं तसंच केलं गं, पण भाताचा गोळा झालाय आणि चिकन चावत नाहीये, काय चुकलं?" मी विचारलं भात कधीचा आहे, तर म्हणाला आत्ताच कुकर उघडलाय. मग विचारलं चिकन कधी टाकलंस, तर म्हणाला तेलात सगळ्यात आधी, आणि मग शेवटपर्यंत तिथंच. दोन्ही उत्तरं ऐकल्यावर पुढचं विचारायची गरजच राहिली नाही. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय, कारण रूमवर राहणारी, पहिल्यांदाच स्वतः करून खाणारी पोरं-पोरी मुंबईत खूप आहेत आणि रोज बाहेरचं खाणं खिशाला पण परवडत नाही आणि पोटाला पण.

आधी भाताचं बोलू, कारण ऐंशी टक्के काम तिथंच आहे.

गरम भात मऊ असतो, त्याच्या अंगावर ओलसर चिकट थर असतो, तो कढईत पडला आणि उलथण्याने हलवला की शितं एकमेकांना चिकटतात, मोडतात आणि लगदा होतो. हाच भात फ्रिजमध्ये रात्रभर राहिला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, वरचं पाणी सुकतं, शीत कडक होतं. आपल्याला हाच कडकपणा हवाय. ताज्या वरणासोबत असला भात कोणी खाणार नाही, पण तेलात परतायला याच्याइतका चांगला भात नाही. म्हणून तर आपल्याकडे फोडणीचा भात नेहमी शिळ्या भाताचाच होतो, ताज्या भाताला फोडणी दिली तर ती चव येतच नाही. चीनमध्येही फ्राईड राईस हा उरलेला भात संपवायचाच प्रकार, यांगझोऊ नावाच्या शहराच्या नावाने तो जगभर ओळखला जातो, आणि तिथेही भात थंडच घेतात.

तांदूळ कुठला? घरात रोजचा कोलम असेल तर उत्तम, मोकळा होतो. आपल्या जवळच्या पालघरमधल्या वाड्याचा कोलम प्रसिद्ध आहे, त्याला २०२१ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. बासमती पण चालतो. आंबेमोहोर आणि इंद्रायणी मात्र इथे नको, दोन्ही माझे आवडते, गरम भातावर तूप घ्यावं तर याच तांदळावर, पण त्यांचा चिकटपणाच त्यांची मजा आहे आणि फ्राईड राईसमध्ये तोच नडतो.

शिळा भात नसेल आणि आजच करायचाय तर काय? तर कुकर लावू नका. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळा, मीठ आणि चमचाभर तेल घाला, अर्धा तास भिजवलेला तांदूळ सोडा आणि शीत बोटात दाबल्यावर मध्ये किंचित कण लागतोय तेवढ्यात गाळून घ्या. मग परातीत पसरून पंख्याखाली ठेवा, पंधरा-वीस मिनिटांत वाफ गेली की तशीच उघडी परात फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास. रात्रभराच्या भाताइतका नाही होत, पण काम होतं. पावसाळ्यात हवाच ओली असते तेव्हा फ्रिजमधला वेळ थोडा वाढवा.

आता एक गोष्ट जी मला खरंच कळकळीने सांगायचीय. शिळा भात म्हणजे फ्रिजमधला भात, रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला नाही. आमच्या आजीच्या काळी भात रात्रभर शिंकाळ्यातच असायचा आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात व्हायचा हे मला माहितीये, मी तो खाल्लाय. पण तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते उकळत्या पाण्यातही मरत नाहीत, आणि भात बराच वेळ कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात. आणि खरी अडचण अशी की ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही, कितीही मोठ्या आचेवर परता. वासही येत नाही बऱ्याचदा. आमच्याकडे एकदा मे महिन्यात रात्री भात ओट्यावरच राहिला, सकाळी हुंगून पाहिला, ठीक वाटला, मी फोडणी देऊन नवऱ्याच्या डब्याला दिला आणि दुपारी तीनच्या आत ऑफिसमधून फोन की उलट्या थांबत नाहीयेत. त्या दिवसापासून जेवण झालं की उरलेला भात मी ताटात पसरते, वाफ गेली की डब्यात घालून तासाभरात फ्रिजमध्ये टाकते. मुंबईच्या उकाड्यात तासाच्या वर थांबूच नका. आणि भात दुसऱ्या दिवशीच संपवा. चिकनला तीन दिवस चालतील, फ्रिज नीट थंड असेल तर, म्हणजे ४ अंशांच्या आसपास. कोंबलेल्या फ्रिजमध्ये, दार धड लागत नाही अशा रूमवरच्या फ्रिजमध्ये मी दुसऱ्या दिवसाच्या पुढे जाणार नाही.

आता चिकन. उरलेलं चिकन सगळीकडे एकसारखं नसतं आणि त्यावरच तुमचा फ्राईड राईस कसा लागणार हे ठरतं.

तंदुरी किंवा टिक्का उरला असेल तर सगळ्यात सोपं. त्याला धुराचा वास आधीच असतो, आणि घरच्या गॅसवर जो धुराचा वास कधी येत नाही तो त्यामुळे आयता मिळतो. फक्त सोबतचा कांदा आणि लिंबाचा ओलेपणा काढून टाका. सूपसाठी उकडलेलं चिकन असेल तर त्याला स्वतःची चव फारशी नसते, म्हणून तुकडे करून वर अर्धा चमचा सोया सॉस आणि मिरपूड चोळून दहा मिनिटं ठेवा. सुकं चिकन असेल तर मसाल्यासकट घ्या, पण मग मीठ आणि सोया सॉस हात राखून.

आणि रस्सा. मराठी घरात बहुतेक वेळा रस्साच उरतो, आणि इथेच लोक चुकतात, रस्सा आणि पीस दोन्ही कढईत ओततात आणि मग तो फ्राईड राईस राहत नाही, चिकनचा मसालेभात होतो. तसं करू नका. फ्रिजमधून डबा काढा तेव्हा रस्सा थंड होऊन घट्ट झालेला असतो आणि वर तर्री गोठलेली असते, त्यातून पीस हाताने उचला, अंगाला लागलेला मसाला बोटाने निपटून डब्यातच टाका. पीस धुवू नका, चव पाण्यात जाते. मग मांस हाडापासून सोडवा, थंड चिकन हाताने छान सुटतं, सुरीची गरजच नसते, रेषांच्या बाजूने ओढलं की आपोआप निघतं. तुकडे काजूएवढे ठेवा. पार बारीक चिंध्या केल्या तर कढईत सुकून दोरे होतात आणि मोठे ठेवले तर आतून गरम होत नाहीत. मानेच्या आणि बरगडीच्या पिसांत बारीक हाडं असतात, ती बोटांनी चाचपून काढा, घरात लहान मूल असेल तर दोनदा. वर गोठलेली जी तर्री आहे ना, त्यातली एक चमचा बाजूला काढून ठेवा, ती नंतर लागणार आहे. बाकीचा रस्सा उकळून सकाळी पावासोबत.

दोघा-तिघांसाठी मी हे असं घेते: शिजलेला थंड भात तीन वाट्या, चिकनचे तुकडे एक ते सव्वा वाटी, अंडी दोन, लसूण सात-आठ पाकळ्या, आलं अर्धा इंच, हिरव्या मिरच्या दोन, एक मध्यम कांदा, एक छोटं गाजर, आठ-दहा फरसबीच्या शेंगा, मूठभर कोबी, अर्धी ढोबळी मिरची, कांद्याच्या पातीच्या चार-पाच काड्या. तेल तीन चमचे, पोह्याच्या चमच्याने नाही, मोठ्या चमच्याने. सोया सॉस दीड छोटा चमचा, व्हिनेगर एक छोटा चमचा, मिरपूड अर्धा छोटा चमचा, मीठ चवीपुरतं. भाज्या घरात असतील त्या घ्या, गाजर नाही म्हणून अडून बसू नका, पण लसूण आणि कांद्याची पात या दोन गोष्टी नसतील तर मी खाली जाऊन घेऊन येईन, त्यांच्याशिवाय तो वासच येत नाही.

कढईचं सांगायचं तर लोखंडी असेल तर पहिली पसंती तीच. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला लोहार चाळीत फिरलात तर पातळ लोखंडी, चायनीजवाले वापरतात तशा कढया मिळतात. नॉनस्टिक असेल तर ती रिकामी मोठ्या आचेवर तापवू नका, तेल घालूनच तापवा आणि आच मध्यमच्या जरा वर. इंडक्शनवर खोल कढईपेक्षा सपाट बुडाचा पॅन बरा.

आमच्या भांडुप स्टेशनबाहेर एक चायनीजची गाडी लागायची, मी ट्रेनमधून उतरून कितीतरी वेळा नुसती बघत उभी राहिलेय. त्याच्याकडे भात मोठ्या पातेल्यात, ओल्या फडक्याखाली, थंडगार. ऑर्डर आली की हाताने मूठ-दोन मुठी मोकळा करून टाकायचा. कितीही गर्दी असली, लोक ओरडत असले, तरी एका वेळी दोन प्लेटच्या वर कढईत काही घालायचा नाही. भाज्या सगळ्या आधीच चिरून डब्यांत, सॉसच्या बाटल्या हाताशी, एकदा बर्नर पेटला की दीड मिनिटात प्लेट बाहेर. त्याचा बर्नर आपल्या शेगडीच्या कितीतरी पट जास्त आग देतो, तरी तो दोन प्लेटच करतो, मग आपण घरच्या शेगडीवर एकदम सहा जणांचा का करायचा? जास्त भात पडला की कढई थंड होते, भाज्या पाणी सोडतात आणि सगळं परतायच्या ऐवजी वाफेवर शिजतं. चार जण असतील तर दोन घाण्यात करा. या एका गोष्टीत कोणी ऐकत नाही आणि तिथंच बिघडतं.

तर आता गॅस पेटवायच्या आधी: सगळं चिरून ओट्यावर ताटल्यांमध्ये मांडा. गाजर-फरसबी अगदी बारीक, नाहीतर कच्ची राहतात. पातीचा पांढरा भाग आणि हिरवा भाग वेगळा. अंडी चिमूटभर मीठ घालून फेटून. भाताचा गोळा फ्रिजमधून काढून हात किंचित ओला करून गुठळ्या मोडा, प्रत्येक शीत सुटं झालं पाहिजे, कढईत गुठळ्या मोडायला गेलात तर शितं तुटतील. पाच मिनिटं जातात याला, पण नंतर श्वास घ्यायला वेळ नसतो. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, ठसका उठणार आहे.

कढई मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत पळाला पाहिजे. एक चमचा तेल, कढई फिरवून सगळीकडे लावा, आणि चिकनचे तुकडे पसरून टाका. टाकले की अर्धा मिनिट हात लावू नका. हेच कठीण जातं सगळ्यांना, उलथणं हातात असलं की हलवावंसं वाटतं. पण हलवलं नाही तरच खालची बाजू खरपूस होते. मग एकदा उलटून अर्धा मिनिट, आणि ताटलीत काढा. चिकन आधीच शिजलेलं आहे, ते आचेवर जितका वेळ राहील तितकं त्यातलं पाणी निघून जाईल आणि ते चिवट होईल, म्हणून आता बाहेर आणि शेवटी परत आत. भाच्याचं इथंच चुकलं होतं.

त्याच कढईत पुन्हा चमचाभर तेल, अंडी ओता, कडा फुगल्या की उलथण्याने मोठे मोठे तुकडे करा आणि अजून जरा ओलसर आहेत तोवर चिकनच्या शेजारी काढा, शेवटी कढईत परत गेल्यावर पूर्ण शिजतात.

तिसरा चमचा तेल. चिकनची काढून ठेवलेली तर्री असेल तर ती आत्ता, आणि मग तेल त्या मानाने कमी. ठेचलेला नाही, चिरलेला लसूण, आलं, मिरची, पातीचा पांढरा भाग. पंधरा-वीस सेकंद, लसणाच्या कडा नुसत्या पिवळसर दिसल्या की लगेच कांदा, गाजर, फरसबी. लसूण एकदा करपला की कडवटपणा सगळ्या भाताला लागतो आणि मग काहीही करून जात नाही, तसं झालं तर तेल टाकून पुन्हा सुरू करा, दोन रुपयांच्या लसणासाठी सगळं जेवण घालवू नका. दीड मिनिट परतलं की कोबी आणि ढोबळी मिरची, त्यांना अर्धं मिनिट पुरे, दाताखाली कच् आवाज आला पाहिजे.

आता भात. सगळीकडून पसरा, उलथण्याच्या पाठीने हलकेच दाबा आणि वीस सेकंद तसाच ठेवा, मग खालून वर उलटा, पुन्हा पसरा, पुन्हा थांबा. असं तीन-चार वेळा. कान द्या: सुरुवातीला आवाज जड, ओला, फसफस असा येतो, आणि पाणी उडून गेलं की तोच आवाज बारीक चरचर असा होतो आणि एखाद-दुसरं शीत कढईत उडायला लागतं. हा आवाज बदलला की समजा भात झाला. घड्याळ बघायची गरज नाही.

सोया सॉस भातावर ओतू नका. कढईच्या कडेला, जिथे लोखंड मोकळं आणि तापलेलं आहे तिथून सोडा, तो उतरता उतरता चर्रकन जळतो आणि स्टेशनबाहेर येतो ना, तो वास येतो. व्हिनेगर पण तसंच. सोया सॉस खूप खारट असतो म्हणून मीठ घालायच्या आधी एक शीत चाखा, रस्स्यातलं चिकन असेल तर बहुतेक वेळा वेगळं मीठ लागतच नाही. रंग काळा दिसावा म्हणून अजून सॉस घालायचा मोह आवरा, भात पुन्हा ओला होतो. अजिनोमोटो घालायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सारातून अजिनोमोटोची चव वेगळी काढली, टोमॅटोतही तीच चव निसर्गतः असते. मी घरी घालत नाही, कारण चिकनचा मसाला आणि खरपूस कडा असल्या की मला गरज वाटत नाही.

शेवटी चिकन आणि अंडं परत कढईत, मिरपूड, आणि दीड-दोन मिनिटं सगळं एकत्र उलटसुलट. चिकनचा सगळ्यात मोठा तुकडा काढून तोडून बघा, आतून वाफ आली पाहिजे. नुसतं कोमट चालणार नाही, उरलेलं चिकन आतपर्यंत कडक गरम झालंच पाहिजे, ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांनी ७४ अंश बघावं. गॅस बंद करा आणि मग पातीचा हिरवा भाग.

शेजवान हवा असेल तर बाजारची चटणी एक मोठा चमचा, पण ती भातावर न घालता भाज्यांनंतर तेलात अर्धं मिनिट परतून मग भात, म्हणजे तिचा कच्चेपणा जातो, आणि सोया सॉस अर्धाच. हा जो शेजवान आपण खातो तो चीनमधल्या खऱ्या सिचुआन प्रांताचा नाही, तो आपल्या इकडचाच झालाय. १९७०च्या दशकात ताजमधल्या गोल्डन ड्रॅगनने मुंबईला सिचुआनची ओळख करून दिली, १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी चिकन मंचुरियन केलं असं मानतात, आणि मग हे सगळं हॉटेलांतून गाड्यांवर उतरलं आणि आपल्या लसूण-मिरचीत मिसळून गेलं. त्यामुळे मालवणी मसाल्यातलं चिकन यात घालताना बिचकू नका, छान जमतं.

केलेला फ्राईड राईस शक्यतो तेव्हाच संपवा. भात आणि चिकन दोन्ही एकदा थंड होऊन परत गरम झालेत, तिसऱ्यांदा तेच नको, म्हणून जेवढं लागेल तेवढंच करा.

कढई लोखंडी असेल तर जेवायला बसायच्या आधीच गरम पाण्याने आणि काथ्याने घासून घ्या, भात वाळला की अर्धा तास जातो, आणि मग गॅसवर मिनिटभर सुकवून तेलाचा हात फिरवून ठेवा. पावसाळ्यात हे चुकवलं तर सकाळपर्यंत गंज धरतो. भाच्याने परवा फोटो पाठवला, भात मोकळा, कडेला चिकन नीट लालसर झालेलं, आणि खाली विचारलंय, "मावशी, अंडं संपलं तर चालेल ना?" चालेल, फक्त चिकन थोडं वाढव.